पुलाअलीकडचे नाना

मी कबड्डीचा पंच. पंचाला बोलायची सवय नसते. शिट्टी वाजवायची, हात वर करायचा, संपलं. बाद का दिलंत म्हणून कुणी अंगावर आलं तरी उत्तर द्यायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच शिबिरात शिकवतात. ती सवय मला मैदानाबाहेरही लागली. बायको म्हणते, तुमच्याशी भांडायचं म्हणजे एकटीनंच भांडायचं. तेव्हा हे लिहायला इतका उशीर का झाला, असं कुणी विचारू नये. नाना आता नाहीत. त्यांच्याविषयी खरं सांगायला हरकत नाही, आणि त्यांच्याविषयी सांगायचं तर माझ्याविषयीही सांगावं लागेल.

आधी नानींना विचारलं. त्या अंगणात सोडे निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिवा की भाऊजी. फक्त कितीदा हरले ते लिवायला बसू नका. कागूद पुरायचा नाय."

गाव रत्नागिरीपासून फार लांब नाही, पण खाडीपलीकडं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कातळाचा डोंगर, आणि बाहेर पडायला एक पूल. मी तिथल्या हायस्कुलात खेळाचा शिक्षक म्हणून लागलो तेव्हा नानांच्या पडवीतली खोली भाड्यानं घेतली. माझं घर देवरूखकडं. शनिवारी दुपारी जायचं, सोमवारी पहिल्या एसटीनं परत. नाना जन्मभर तांडेल होते. बोट कुठं न्यायची, जाळं कधी टाकायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. गुडघे गेले तसे किनाऱ्यावर जाळी शिवत बसायला लागले. खोली दाखवताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"खेळाचे मास्तर म्हणजे कबड्डीतला कळत असेल?"

"पंच आहे मी."

त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "गो, चहा टाक. पंच आलाय घरात. साखर बरी घाल." त्या दिवसापासून मी 'पंच' झालो. माझं नाव त्यांनी कधी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

गावचा संघ हरायचा. कधीमधी नाही, दर वेळी. त्याला कारणं होती. जो पोरगा जरा बरा खेळायला लागायचा तो बारावी झाली की मुंबईला. शिमग्याला आणि गणपतीला परत यायचा तो पोट सुटून. मग उरलेल्यातून सात जमवायचे. उजवा कोपरा रिक्षावाला होता. खिशातला फोन बाहेर काढून ठेवला तरी वाजला की त्याचं लक्ष भाड्याकडं. मधला एक जण चाळिशीच्या पुढचा, चढाईला गेला की समोरचे त्याला काका म्हणायचे आणि सांभाळून पकडायचे.

ही कारणं नानांना मान्य नव्हती. त्यांची वेगळी होती. ओहोटी लागल्यावर सामना सुरू झाला म्हणून हरलो. तांडेल माणूस, भरती-ओहोटीवाचून त्यांचं पान हलत नसे. कर्णधाराला निरोप जायचा, "भरती अर्धी चढली की नाणेफेक करा म्हणावं." आता नाणेफेक आयोजकांच्या सोयीनं होते, पण हे त्यांना सांगणार कोण? सामन्याच्या आदल्या दिवशी पोरांनी कुर्ल्या खायच्या नाहीत, असाही त्यांचा दंडक होता.

"कुर्ली खाल्लीत की तिच्यासारखे आडवे पळता."

"नाना, कबड्डीत आडवंच पळायचं असतं," रिक्षावाला म्हणाला.

"म्हणून तर हरतंव!"

हरण्याचं दुःख करताना मी त्यांना पाहिलं नाही. ते कितीनं हरलो एवढंच विचारायचे. मागच्या खेपेपेक्षा कमी फरकानं हरलो असलो तर त्यांचा चेहरा उजळायचा, जास्त फरकानं हरलो असलो तर म्हणायचे, "पाणी उतरल्याबिगर चढतंय काय?" नानी आतून बोलायच्या, "सवत आणली असती तर बरी हुती. एकच असती. ह्यांनी सात आणल्यानी, नि सातही लंगड्या."

हे सगळं ऐकून वाटेल की नाना प्रत्येक सामन्याला जात असतील. तर नाही. गंमत तिथंच आहे. म्हणजे इतरांना ती गंमत वाटायची. मला त्यात पुढं पुढं धडकी भरायला लागली.

मी यायच्या आधी ते जायचे. पोरांच्या टेम्पोत पुढं बसून, घसा बसेपर्यंत ओरडायचे. मग एका वर्षी कुणीतरी चेष्टेत म्हणालं, नाना आले की हरतो आपण. चेष्टा करणारा विसरून गेला. नाना विसरले नाहीत. शिमग्याला पालखी देवळापुढं आली, गुरवानं देवीपुढं गावाचं गाऱ्हाणं घातलं, लोक 'होय महाराजा' म्हणाले, आणि सगळं आटपल्यावर नानांनी पुढं होऊन स्वतःच्या नवसाचं एक घालायला लावलं. दिवाळीनंतरच्या स्पर्धेचा चषक पूल ओलांडून गावात येईल तेव्हाच मी पूल ओलांडून पलीकडं जाईन. तोवर पुलावर पाय ठेवणार नाही. लोकांनी हसत हसत 'होय महाराजा' म्हटलं. नानींनी म्हटलं नाही, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

तेव्हापासून रत्नागिरीचा बाजार बंद, खेडला दिलेल्या मुलीचं घर बंद. नातवाच्या बारशाला नानी एकट्या गेल्या. फोनवर सामना थेट दिसायला लागला तेव्हा मी आनंदानं त्यांच्यापुढं धरला. त्यांनी डोळ्यांवर हात घेतला. "फोनात बगितला तरी बगितलाच ना रे. बंद कर, बंद कर, तिकडं पोरांचे पाय बांधले जातील."

मग ते काय करायचे? सामन्याच्या दिवशी दुपारपासून पुलाच्या अलीकडच्या कठड्यावर बसायचे. बरोबर पाण्याची बाटली आणि पानाचा डबा. टेम्पो परत येईस्तोवर. जिंकलो तर पलीकडच्या तोंडापासूनच हॉर्न वाजवत यायचं, असं ड्रायव्हरला सांगून ठेवलेलं. एकदा खरंच हॉर्न वाजला. नाना कठड्यावरून उठले, दोन्ही हात वर करून गुडघ्यांची पर्वा न करता पुलाच्या तोंडापर्यंत धावले. टेम्पो जवळ आला तेव्हा कळलं, पुलावर म्हैस आडवी आली होती. ड्रायव्हर इतका शरमला की पुढं त्यानं त्या पुलावर कशालाच हॉर्न दिला नाही. माणसं आडवी आली तरी काच खाली करून हळूच सांगायचा, जरा सरता काय.

असं चाललं होतं, आणि चालत राहिलं असतं. पण एका गणपतीनंतर किनाऱ्यावर जाळं ओढताना नानांच्या छातीत कळ आली. गावातल्याच सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, आणि मला बाजूला घेतलं. नानींना नाही, मला. हृदयाच्या नळ्या बंद होत आल्या असाव्यात, कोल्हापूरला नेऊन तपासणी करा, बहुतेक तिथंच नळ्या मोकळ्या कराव्या लागतील, आणि हे पुढच्या महिन्यावर टाकू नका. मी म्हटलं, नेतो. कोल्हापूरची वाट पुलावरून होती हे माझ्या ध्यानात घरी पोचल्यावर आलं.

नाना शांतपणे म्हणाले, "स्पर्धा दिवाळीनंतर हाय. चषक आला की जाऊया."

काय काय केलं आम्ही! मी म्हटलं, पूल ओलांडायचा नाही ना, मग होडीनं जाऊ, पलीकडच्या बंदरावर गाडी उभी करतो. ते माझ्याकडं कीव केल्यासारखं बघत राहिले. "देवी काय वकील हाय, पंच? पूल म्हटला तेव्हा मी काय म्हटला ते तिला कळलान." मुलगी खेडहून आली, रडली, जेवली नाही, परत गेली. शेवटी नानींनी गुरवाला बोलावलं. कौल लावू, म्हणाल्या. देवीला कळ्या लावून विचारू. उजवी कळी आधी पडली तर नवसातून मोकळे. गुरवही तयार. नाना पहिल्यांदा चिडलेले पाहिले मी.

"कौल मागायचा म्हणजे काय सांगायचा देवीला? की आमची पोरं जिकायची नायत, मला मोकळा कर? मी सांगू हे? मी?"

नानींनी गुरवाला वाटेला लावलं. जेवणं झाल्यावर माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, तुमीच काय ते बगा," एवढंच म्हणाल्या. काय बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण स्पर्धेच्या पंचांत मी होतो, हे त्यांना ठाऊक होतं.

मी आयोजकांना सांगितलं होतं, मी त्या गावात राहतो, मला दुसऱ्या गटात घाला. ते म्हणाले, "तुमचं गाव देवरूखकडचं ना? मग झालं तर. भाडेकरूला काय गाव असतं?" मी अजून जोरात सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, आपली पोरं पहिल्याच फेरीत जाणार, कशाला विषय वाढवा?

पोरं पहिल्या फेरीत गेली नाहीत. समोरच्या संघाचे तिघे लग्नाला गेले होते. दुसऱ्या फेरीत समोरचे पंचाशी भांडून मैदान सोडून गेले. उपांत्य सामना मात्र आमची पोरं खेळून जिंकली. मी लांबून बघत होतो. रिक्षावाल्याचा फोन त्या दिवशी एकदाही वाजला नाही. आणि अंतिम सामन्याला एका बाजूचा पंच म्हणून माझं नाव पुकारलं गेलं.

त्या सामन्याचं वर्णन मी करणार नाही. मला ते नीट आठवत नाही, हेच खरं. मी सबंध वेळ खेळ पाहत नव्हतो. लोक माझ्याकडं कसे बघतात ते पाहत होतो. आमच्या गावाला गुण दिला की मागून आवाज यायचा, "भाडं माफ झालं वाटतं, सर!" मी वळून पाहिलं नाही, पण ऐकलं. दर वेळी ऐकलं.

शेवटची चढाई. गुण बरोबरीत. आमचा चढाईवाला बर्फाच्या कारखान्यात कामाला होता, लाद्या ओढून हाताला बळ आलेलं. त्यानं समोरचा एक जण टिपला, वळला, आणि तेवढ्यात दोघांनी त्याला कमरेत धरलं. तो पडला, सरपटला, हात लांब केला. मध्यरेषेचं ते टोक माझ्या बाजूला होतं. त्याच्या हातावर कुणाचा तरी गुडघा आला, लाल माती उडाली. बोट रेषेला लागलं असेल तर चषक आमचा. नसेल तर तो बाद, आणि एका गुणानं हार.

मला दिसलं नाही.

हे वाक्य लिहायला मला ही सगळी पानं लागली. मला दिसलं नाही. पलीकडच्या पंचापर्यंत जाऊन विचारता आलं असतं, सरपंचाला, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचाला, बोलावता आलं असतं. तशी पद्धत आहे, त्यात कमीपणा नाही. पण मी थांबलो तर लोक म्हणणार, घरमालकासाठी वाट शोधतोय. म्हणून मी क्षणभरही न थांबता हात वर केला. बाद. लोक टाळ्या वाजवत म्हणाले, पंच असावा तर असा. कुणाच्या फोनमध्येही गुडघा आणि माती याशिवाय काही आलं नव्हतं.

मी स्कूटरवरून टेम्पोच्या पुढं निघालो. का, कुणास ठाऊक. पुलाअलीकडं नाना कठड्यावर होते, एक हात छातीवर, सहज ठेवल्यासारखा.

"किती कमी पडले?"

"एक."

"एक!" ते उठून उभे राहिले. "एकच? अंतिम सामन्यात? अरे मग आता राहिला काय! पुढच्या वर्षी..." तेवढ्यानं त्यांना धाप लागली, परत बसले. मग विचारलं, "पंच कोण हुता?"

"त्या बाजूला मीच होतो, नाना."

"मग बरोबरच असणार," ते म्हणाले. "तू हुतास म्हणजे बरोबरच."

त्यापेक्षा त्यांनी मला पुलावरून खाली ढकललं असतं तर बरं झालं असतं.

पुढचे काही दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. नाना जिना चढेनासे झाले, मग अंगणात उतरेनासे झाले. त्यांच्या खोकल्याचा आवाज आला की मी फळ्यावर लिहिता लिहिता थांबावं तसा थांबायचो. आवाज बंद झाला की जास्तच थांबायचो. चढाईवाल्याला मी रस्त्यात गाठून विचारलं, खरं सांग, बोट लागलं होतं? तो बिचारा ओशाळला. "सर, हातावर गुडघा हुता. बोट बधिर झालेला. मला काय कळलाच नाय."

म्हणजे ते जगात कुणालाच माहीत नव्हतं. हे कळलं आणि माझं ठरलं.

शाळेतून मी सरळ गुरवाकडं गेलो. त्याला म्हटलं, माझी चूक झाली आहे, देवीपुढं सांगायची आहे, नानांना आणा. त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी देवळात आणलं. पोरं आली, रिक्षावाला आला, बायका आल्या. नानी खांबाला टेकून उभ्या होत्या. गुरव म्हणाला, "पंच, आदी तुमी तुमच्या तोंडानं सांगा."

मी सांगितलं. पोराचं बोट रेषेला लागलं होतं. मी बघितलं. लोक काय म्हणतील म्हणून मी त्याला बाद दिला. चषक ह्या गावचा होता.

"बगितलात?" गुरवानं विचारलं.

"बघितलं."

आजवर हजार वेळा हात वर केला असेल, पण असा जड कधी झाला नव्हता. तो कुणी वर करायला सांगितलाही नव्हता. माझ्या नकळत गेला होता वर. मग गुरवानं गाऱ्हाणं घातलं. हे आई, चषक पूल ओलांडून आला नाय ही माणसाची चूक, तुझी नाय, पोरांचीही नाय. तुझ्या लेकराचा नवस पुरा झालेला मानून घे. होय महाराजा. त्याच्या वाटेत कुणी आडवा येईल तर त्याला दूर कर. होय महाराजा. पोरं तर ओरडली. काही जण माझ्याकडं रागानं बघत होते, चढाईवाला रडत होता. आपण जिंकलो होतो, हे त्याला तेव्हा कळलं, आणि ते खरं की खोटं हे मलाच माहीत नव्हतं.

नानांनी 'होय महाराजा' म्हटलं नाही. ते माझ्याकडं बघत होते. समुद्रावर लांबचं बोटीचं शीड ओळखायला बघतात तसे, डोळे बारीक करून. मग त्यांनी नानींकडं पाहिलं. नानींचे ओठ कोरडे पडले होते. नाना म्हणाले, "बरा. गाडी सांगा."

कोल्हापूरला नळ्या मोकळ्या केल्या. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडाभर काढला असतात तर माझ्याकडं यायची गरज पडली नसती. नानी हे वाक्य वर्षभर प्रत्येकाला सांगत होत्या, आणि सांगताना दर वेळी माझ्या ताटात माशाची एक तुकडी जास्त पडायची.

मला ती गिळवायची नाही. त्या गावच्या सामन्याला मी परत कधी उभा राहिलो नाही, हे एक झालं. पण देवीसमोर न बघितलेलं बघितलं म्हणालो, ते? ती माझी कुलदेवीही नव्हे. तेव्हापासून घरी मुलीला ताप आला, बायकोचा फोन लागला नाही, एसटी घाटात थांबली, की पहिला विचार तोच येतो. कधी वाटतं, बोट लागलंच असेल, मी खरंच बोललो असेन. कधी वाटतं, लागलं नसेल, आणि माझा मैदानातला निकालच खरा होता; मग खोटं फक्त देवळात बोललो. नेमका कुठल्या ठिकाणचा गुन्हेगार आहे मी, हेही मला ठरवता येत नाही.

पुढच्या हंगामात पहिल्या सामन्याच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पुलाकडं आलो. नाना कठड्यावर बसले होते. पाण्याची बाटली, पानाचा डबा, आणि आता गोळ्यांची एक पिशवी.

मी म्हटलं, "नाना, इथं का? तुमचा नवस तर फिटला. चला, स्कूटरवर बसा, अर्धा सामना तरी मिळेल."

त्यांनी पान जमवलं, चुना जरा कमी लावला, तोंडात टाकलं. पलीकडं बघतच म्हणाले,

"पंच, तुझ्या साक्षीवर डॉक्टरकडं जाता येतो. मॅचला कसा जाणार?"

मी स्कूटर स्टँडला लावली. ते थोडे सरकले आणि कठड्यावर मला जागा करून दिली.